मऊ नळी कोण उलटतं?

सोमवार, ४ मार्च

मावशीला नोटीस आली! जाड कागद, वर वकिलांच्या नावांची माळ, आणि खाली एकच म्हणणं — तुमचं पट्टे सुलटे करायचं यंत्र आमच्या पेटंटमध्ये येतं. बनवणं थांबवा, विकलेली परत घ्या, कारखान्यातलं मोडून टाका.

मोडून टाका म्हणे! मावशीचं यंत्र!

संध्याकाळी आई आणि मी कारखान्यात गेलो तर मावशी कमरेवर हात ठेवून उभी. काका स्टुलावर, हातात स्क्रूड्रायव्हर नुसताच फिरवत. "मी कुणाचं काय चोरलं गं?" मावशी म्हणाली. "त्या मेल्या कंपनीचं नाव कालपर्यंत ऐकलं नव्हतं मी. घरातला बंद पडलेला व्हॅक्यूम क्लीनर ह्यांनी खोलला, त्यातून हे झालं."

तसंच झालं, मी साक्षीला आहे. पिशवीचा पट्टा शिवला की तो उलटा असतो, शिवण बाहेर. मग सळईने ढोसून ढोसून तो सुलटा करायचा. कारखान्यातल्या बायकांची बोटं सोलून निघायची. काकांनी काय केलं, पट्टा एका बारीक पाइपवर मोज्यासारखा चढवला, टोक पाइपच्या तोंडात खुपसलं आणि मागून हवा ओढली. सलग ओढली तर पट्टा अडकायचा, म्हणून मध्ये उघडझाप करणारी झडप बसवली. आता हवा धक्क्याधक्क्याने ओढली जाते — हुप्, हुप्, हुप् — आणि पट्टा सुलटा होऊन दुसरीकडून बाहेर! पहिल्यांदा झालं तेव्हा आम्ही सगळ्या जणी टाळ्या पिटत होतो. आता गावभरचे शिवणवाले हे यंत्र मावशीकडून घेऊन जातात.

पण कंपनीचं पेटंट मावशीच्या आधीचं आहे. तिने स्वतःच्या डोक्याने केलं याचं कायद्याला काही सोयरसुतक नाही. वाट एकच — कंपनीच्याही आधी ही युक्ती जगात कुठेतरी कुणीतरी लिहून ठेवलेली दाखवायची. तसं सापडलं की पेटंट पडलं!

आणि हे शोधायचं काम कोण करतं? मी! पगारच मला त्याचा मिळतो! मावशीला सांगून आले, "तू झोप निवांत. मी आहे ना." आई वाटेत म्हणाली, "नोकरीला लागून चार दिवस नाही झाले. जरा बेतानं बोलावं माणसाने."

मंगळवार, ५ मार्च

बाईंची परवानगी मिळाली! बाई म्हणजे आमच्या शोध विभागाच्या सर्वेसर्वा. त्यांना सगळे नुसतं बाईच म्हणतात. "नात्यातलं काम आहे हे आधी सांगितलंस ते बरं केलंस. ऑफिसचं संपवून कर." मग चष्म्यावरून बघत — "काय टाकून शोधणार?"

"पट्टा, शिवण, उलटणे, सुलटे करणे…"

बाई हसल्या. "शब्दांच्या मागे लागलीस तर बसशील शोधत. पेटंट लिहिणारी माणसं पट्ट्याला पट्टा म्हणतात का? लांबट, पोकळ, लवचिक वस्तू म्हणतात. खणावरून शोध."

खण! मला या खणांचं वेड लागलंय आणि ते कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहिते. जगातला प्रत्येक शोध कुठल्या तरी खणात ठेवलेला असतो. A पासून H पर्यंत आठ दालनं. दालनात खोल्या, खोलीत कपाटं, कपाटात खण, खणात आणखी बारके खण. कागद कुठल्याही भाषेतला असो, तो वाचणारा माणूस त्यावर खणाचा नंबर टाकतो. म्हणजे ज्या भाषेतलं एक अक्षर मला कळत नाही, त्या भाषेतली छत्रीसुद्धा मला छत्र्यांच्या खणात सापडते! आणि काय काय शेजारी राहतं तिथे! कापड D दालनात, पण त्याचा सदरा शिवला की तो चालला A मध्ये. छत्री आणि म्हाताऱ्यांची काठी एका खोलीत. नकली फुलं, केसांचे टोप, मुखवटे आणि पिसं — ही चौघं एका खोलीत! दिवे घालवल्यावर काय गप्पा होत असतील!

आईला हे सगळं हातवारे करून सांगितलं. म्हणाली, "आधी स्वतःचं कपाट आवर."

गुरुवार, ७ मार्च

कंपनीचं पेटंट D मध्ये आहे, कापडाच्या मऊ नळ्या उलटवायच्या खणात. त्यात आधीचं जे जे आहे ते सगळं बघायला घेतलं.

मोजे! मोजेच मोजे! माणसाला चंद्रावर जायच्या आधी मोजे सुलटे करायची घाई झालेली दिसते. कुणी सळई घालतो, कुणी चिमटा, कुणी फुंकर मारतो, कुणी हवा ओढतो. एकाने तर लाकडी पाय केलाय, बोटांसकट. मी हसत होते एकटीच.

पण धक्क्याधक्क्याने ओढणारं एकही नाही. कंपनीच्या पेटंटचा जीव तेवढ्यात आहे — बारीक नळी, तोंडात खुपसलेलं टोक आणि धक्क्याची ओढ. या तिन्ही गोष्टी एका जुन्या कागदावर एकत्र पाहिजेत. दोन असून भागणार नाही.

शनिवार, ९ मार्च

खण संपला. नाही.

डोळे चुरचुरतायत. त्यात बाई सोमवारपासून रजेवर — लेकीचं बाळंतपण. निघताना माझ्या टेबलापाशी थांबल्या. तोंड बघूनच ओळखलं त्यांनी. "पट्टा विसर. वस्तू सोड आणि काम धर. मऊ नळी जगात आणखी कोण उलटतं, ते विचार लोकांना." आणि गेल्या, पिशव्या सावरत.

मऊ नळी कोण उलटतं! वा! हे मला का सुचू नये?

रविवार, १० मार्च

आज दिवसभर भेटेल त्याला विचारलं. आई म्हणाली, "उशीचा अभ्रा." अभ्रा नळी नाही, पिशवी आहे. "मग मला कशाला विचारतेस?" — रागावली.

दुपारी कारखान्यात. बायका कामाला आलेल्या, रविवार असून. यंत्र चालू होतं. मावशीने मुद्दामच चालू ठेवलंय. "मोडायला येतील तेव्हा येतील, तोवर पट्टे काढून घेऊ." तिलाही विचारलं, मऊ नळी कोण उलटतं. म्हणाली, "नळीचं माहीत नाही बाई. आमच्याकडे माणसं उलटतात, त्यांना यंत्रही लागत नाही." सगळ्या खो खो हसल्या. पण हसता हसता मावशी एकदम वळली आणि यंत्रावरची धूळ पदराने पुसत बसली. काका तिच्याकडे बघत होते. मग मला हळूच म्हणाले, "मोडायचं झालं तर मी मोडणार नाही. त्यांनी माणूस पाठवावा."

आणि वर तेच म्हणाले, "रबरी हातमोजे बघ. साच्यावरून काढताना उलटे निघतात. बोटं बारीक असतात." काका, तुमच्या तोंडात साखर पडो!

मंगळवार, १२ मार्च

हातमोज्यांची अख्खी वस्ती पालथी घालतेय. ही यंत्रं फुंकर मारून बोटं बाहेर काढतात. फुग्यासारखी फट् फट् फट्. आमचं ओढणारं. उलटं काम! पण जवळ आलेय, मला वास येतोय.

बुधवार, १३ मार्च

अगं बाई! अगं बाई अगं बाई!

हातमोज्यांच्या एका कागदावर कोपऱ्यात खणाचे दोन नंबर होते. असे असतात पुष्कळदा. एक वस्तू दोन ठिकाणी उपयोगाची असली की नंबर टाकणारा दोन्हीकडे नोंद करतो. पहिला नंबर रबराचा. दुसरा — A22. हे काय असतं? A दालनातल्या त्या खोलीत मी कधी गेलेच नव्हते. उघडलं.

खाटिकखाना!

मांस कापणं, कातडं काढणं, हाडं वेगळी करणं — आणि खाली एका बारक्या खणात — आतडी साफ करणं. आतडं म्हणजे काय? मऊ नळी! बारीक, लांब, मऊ नळी! आणि आतून धुवायची तर ती उलटायलाच लागणार!

खुर्चीवरून अशी उठले की चहाचा कप आडवा. फरशी पुसायला मीच, पण गुणगुणत.

गुरुवार, १४ मार्च

दिवसभर आतडी. डबा तसाच परत आणला. आईने झाकण उघडून बघितलं, म्हणाली, "भांडण झालं का कुणाशी?" म्हटलं, "नाही गं, आतडी बघत होते." तिने झाकण तसंच परत लावलं.

पण किती डोकं लढवलंय लोकांनी! पाण्याने उलटणारी, रुळांनी उलटणारी, हाताने फिरवायच्या दांड्यावरची. उद्या उरलेली.

शुक्रवार, १५ मार्च

सापडलं! सापडलं!! सापडलं!!!

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

एकटा माणूस, आपल्याच देशातला. मागे कंपनी नाही, काही नाही. खाटिकखान्यातली यंत्रं दुरुस्त करायचा, असं त्याने स्वतःच लिहिलंय. चित्रसुद्धा हाताने काढल्यासारखं. बारीक पाइप. त्यावर चढवलेली नळी. टोक पाइपच्या तोंडात. आणि मागे — झडप! उघडझाप करणारी झडप! सलग ओढलं तर आतडं तोंडाशी अडकतं, म्हणून धक्क्याधक्क्याने ओढावं, असं लिहिलंय त्याने. काकांची हुप् हुप् हुप्! शब्दाला शब्द! कंपनीच्या पाच वर्षं आधी!

आणि आणखी मजा. पेटंटच्या शेवटी आपला हक्क कशावर ते लिहावं लागतं. याने तिथे आतड्यावर हक्क सांगितलेलाच नाही. "कोणतीही मऊ नळी" म्हटलंय. आणि आत एका ओळीत — नळी आतड्याची असो, रबराची असो वा कापडाची. कापडाची!! मी ती ओळ मोठ्याने वाचली. मग परत वाचली. भला माणूस! तो समोर असता तर पायाच पडले असते त्याच्या.

मग हे आजवर कुणाला दिसलं कसं नाही? कारण ज्याने खण ठरवला त्याने चित्रातलं आतडं बघितलं आणि एकच नंबर टाकून मोकळा झाला. कापडाच्या खणात नोंद केलीच नाही. पुढे कंपनीचा अर्ज आला तेव्हा तपासणाऱ्याने कापड बघितलं, मोजे बघितले. खाटिकखान्यात कशाला जातोय तो! आणि कंपनीला पेटंट मिळून गेलं. एका माणसाचा कंटाळा आणि एवढं रामायण.

मावशीला फोन केला.

"म्हणजे माझा पट्टा आणि बकऱ्याचं आतडं एकच?"

"कायद्याच्या दृष्टीने एकच, मावशी!"

"मग कायद्याला म्हणावं, जेवायला ये माझ्याकडे!"

आणि मग ती रडायला लागली. मीही. आई स्वयंपाकघरातून ओरडत होती, काय झालं, काय झालं!

शनिवार, १६ मार्च

अहवाल लिहिला. एका बाजूला कंपनीचं वाक्य, दुसऱ्या बाजूला खाटिकखान्यातलं. पाइप, टोक, झडप, धक्का. जोडीला जोडी लागते अशी की बघत राहावं. खाली माझी सही. जरा मोठीच केली.

मावशीचा वकील म्हणजे तिच्या कारखान्याच्या जागेचं भाडं, पाण्याचं कनेक्शन असलं बघणारा. भला आहे, पण पेटंट त्याने आयुष्यात हातात धरलेलं नाही. "आतडी?" म्हणाला. सगळं समजावलं तेव्हा त्याचेही डोळे चमकले. सोमवारी कंपनीच्या वकिलांना अहवाल आणि त्या माणसाचं पेटंट, दोन्ही पाठवतोय.

बाईंना आधी दाखवावं असं मनात आलं होतं. फोन लावला, लागला नाही. लेकीजवळ असतील. इतकं लख्ख सापडल्यावर त्यात दाखवायचं काय? आल्यावर एकदम चकित करीन!

सोमवार, १८ मार्च

गेलं! माझ्या सहीचा कागद आज बड्या वकिलांच्या टेबलावर! घाम फुटू दे त्यांना.

बुधवार, २७ मार्च

उत्तर नाही. मावशी फोन करते, मी उचलून आधीच "नाही" म्हणते, ती "बरं" म्हणते. एवढंच संभाषण.

शुक्रवार, ५ एप्रिल

जिंकलो!

दोन ओळींचं पत्र. आमच्या पेटंटच्या आधारे केलेली मागणी आम्ही मागे घेत आहोत. ना माफी, ना काही. नको तुमची माफी!

कारखान्यात नुसता गोंधळ. यंत्र चालू, बायका हसतायत, कुणीतरी शिवलेले पट्टे माझ्या गळ्यात घातले, ढीगभर! मावशीने मला सगळ्यांसमोर धरून गदागदा हलवलं. "माझ्या बहिणीची पोर! बघा हिला नीट! कंपनीला आतड्यात घातलं हिने!" आई एका कोपऱ्यात, तोंडावर पदर. म्हणाली, "बोलते जास्त, पण करतेही." आईच्या तोंडून हे म्हणजे पदवीदान समारंभच!

काका कामाला लागले. नोटीस आल्यापासून अर्धवट जोडून ठेवलेली यंत्रं त्यांनी कापड काढून पुन्हा पुढे घेतली. मग मला हाक मारून एक झडप हातात दिली. "बसव." मी बसवली. तिरकी बसली. त्यांनी काढून परत बसवली आणि हसले. इतकी सुखी मी कधी होते, आठवत नाही.

सोमवार, ८ एप्रिल

बाई आल्या. नात झाली! फोटो दाखवले, सगळे फोटो सारखेच.

मग माझा अहवाल त्यांच्यासमोर ठेवला. वाचत गेल्या, भुवया वर चढत गेल्या. "खाटिकखान्यात गेलीस तू?" मी मान डोलावली. "शाब्बास." बाईंची शाब्बास! जुने लोक सांगतात, ती दुष्काळातल्या पावसासारखी पडते.

शेवटच्या पानावर थांबून त्यांनी विचारलं, "हे आतड्यांचं पेटंट — याची मुदत संपली का गं?" म्हटलं, बघते. पण त्याने काय बिघडतं? दुसऱ्याला पाडायला ते आधीचं असलं की पुरे. संपलेलं असो नाहीतर चालू! बाई काहीतरी म्हणणार होत्या, तेवढ्यात लेकीचा फोन आला. नातीचं रडणं मला इथवर ऐकू येत होतं. खणखणीत आवाज आहे.

शनिवार, २० एप्रिल

बाईंनी माझी खाटिकखान्याची वाट नव्या मुलींना शिकवायला घेतली. मीच बोलले, फळ्यावर आतडं काढून! मावशीकडे यंत्रांना इतकी मागणी आलीय की तिने शेजारची खोलीही घेतली. मी हवेत आहे. आई म्हणते, खाली उतर, भाजी आणायचीय.

गुरुवार, ९ मे

मावशीला नवी नोटीस. तीच कंपनी, तीच मागणी — मोडून टाका. पण आता आतड्यांच्या पेटंटवरून. ते त्यांनी त्या माणसाकडून विकत घेतलं.

वीस वर्षं जगतं पेटंट. याची अजून सहा शिल्लक आहेत. कोणतीही मऊ नळी. कापडाचीसुद्धा.

मावशी ओरडली नाही. फोनवर तिने साधंच विचारलं, "तू दाखवलं नसतंस तर त्यांना ते सापडलं असतं का गं?"

नसतं, मावशी.